एका दाढेचा रोजा

सकाळचे अकरा वाजले होते आणि मी फ्रिजच्या आडोशाला उभी राहून टोस खात होते. उभी, कारण खुर्ची सरकवली की फरशीवर आवाज होतो. चहात बुडवून, कारण कोरडा टोस चावला की त्याहून मोठा आवाज होतो. सत्तरी ओलांडलेली बाई, महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांना चोरी करू नये म्हणून सांगत आलेली, स्वतःच्याच घरात, सुनेने आदल्या रात्री आठवणीने डब्यात काढून ठेवलेला टोस चोरून खात होती. तेवढ्यात मऊ पडलेला तुकडा मोडून कपात बुडाला. तो बोटाने काढावा की चमच्याने, या विचारात मान वर केली तर दारात नात उभी. घरात तिला सगळे छोटी म्हणतात. वय नऊ, आणि त्या दिवशी तिचा आयुष्यातला पहिला रोजा. ओठ सुकलेले, कपाळावरचे केस ओले, बहुतेक तोंड धुऊन आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग कपाकडे. मग माझ्या बोटांना लागलेल्या चुऱ्याकडे. एक शब्द बोलली नाही. दाराच्या बाजूला सारून ठेवलेला पडदा तिने धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला. कड्यांचा खर्रर्र आवाज झाला आणि तिची पावलं बैठकीकडे गेली.

तिने मला झाकलं.

2024 च्या रमजानातला तो सहावा रोजा, रविवार. पोरीने ‘दादी, तू खाऊन राहिली?’ असं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, अगदी गाईडमध्ये असतं तसं, मुद्देसूद. आदल्या वर्षी बाराव्या रोज्याला असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजीत सजद्यातून उठताना मी जी कलंडले ती जानमाजीवरच पडून राहिले. साखर 54 वर आली होती. डॉक्टरांनी नंतर कागदावर काही लिहिलं नाही, नुसतं पेन खाली ठेवून म्हटलं, “आजी, आता बस झालं.” सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेणाऱ्या बाईने साडेतेरा तास पोटात पाणीसुद्धा घालायचं नाही, हे त्यांना मंजूर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अल्लाहलाही नव्हतं. सूरह बकराच्या 184 व्या आयतीत साफ सांगितलंय की ज्याला झेपत नाही त्याने त्याच्या बदल्यात गरजूला जेवू घालावं. पुढच्याच आयतीत म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवं आहे, अवघड नको. हे मला तोंडपाठ आहे. मोहल्ल्यातल्या कितीतरी गरोदर सुनांना, पोट दुखत असूनही हट्टाने रोजा धरणाऱ्या म्हाताऱ्यांना मी हेच समजावत आले. पण दुसऱ्याला समजावणं वेगळं. एसटीच्या कंडक्टरकडे मी अर्ध्या तिकिटाची सवलत हक्काने मागते, आधार कार्ड त्याच्या नाकासमोर धरते. अल्लाहने दिलेली सवलत घ्यायला मात्र फ्रिजच्या मागे जाते.

लोकांना वाटतं रोजा म्हणजे उपाशी राहणं. उपाशी राहण्याचं काही नसतं हो, दुपारी दोननंतर पोटही कंटाळून गप्प बसतं. मला जे आठवतं ते वेगळंच. पहाटे चार वाजता सगळ्या घरातले दिवे लागलेले, कुकरची शिट्टी, कुणाचं तरी जांभई देत “किती मिनिटं राहिली?”, आणि शेवटचा घोट घेऊन पेला ठेवताना होणारा तो टक्क आवाज. तो पेला ठेवला की तुम्ही आत गेलात. सगळं घर एका नावेत बसलं आणि नाव सुटली. त्या वर्षी पहिल्या सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, मीही उठले होते. पोळ्या लाटल्या, मुलाच्या ताटात दही वाढलं, सुनेचा चहा गाळला. पाच वाजून गेले, सगळ्यांनी पेले ठेवले. मी एकटी काठावर.

या महिन्याशी माझं नातं जरा जुनं आहे. माझा जन्म रमजानातलाच, 1953 चा मे महिना. आजीला माझं नाव रमजानी ठेवायचं होतं, ते अब्बांनी कसंबसं टाळलं, त्याबद्दल मी आजही त्यांना दुवा देते. चंद्राचं वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून जागेवर येतो. मी जन्मले तेव्हा तो मेमध्ये होता, 1986 साली पुन्हा मेमध्ये आला, आणि 2019 साली पुन्हा. दोन पूर्ण चकरा मी पाहिल्या. चंद्राच्या हिशेबाने माझं वय दोन वर्षं जास्तच भरतं. हे मी सुनेला सांगत नाही.

मे महिन्यातला रोजा काय असतो ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. 1986 साली आम्ही मोमीनपुऱ्यात राहत होतो, गल्लीत, दोन खोल्या आणि मागे न्हाणी. माझे यजमान एम्प्रेस मिलमध्ये. शाळेला सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे मी घरीच. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यावर दर अर्ध्या तासाने पाणी मारायचं. त्या ओल्या वाळ्याचा वास आणि पाणी टपटपण्याचा आवाज, आणि आपण ते पाणी प्यायचं नाही. दुपारी तीनला गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. आम्ही दोघी जावा फरशीवर ओलं पोतं टाकून त्यावर पडून राहायचो आणि छताकडे बघत इफ्तारला काय करायचं त्याच्या गप्पा मारायचो. कलिंगड कापायचं की नुसतं लिंबूपाणी, भजी कांद्याची की पालकाची. भुकेल्या माणसाइतका बारकाईने स्वयंपाकाचा विचार दुसरं कुणी करत नसेल.

सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणायचो. तेव्हा त्या आजच्या माझ्याएवढ्याच असतील, थोड्या थकलेल्या जास्त. जोहरची, दुपारची नमाज झाली की त्या म्हणायच्या, “मी जरा पडते,” आणि आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या. तासाभराने बाहेर यायच्या. एका दुपारी मी चादर आणायला आत गेले. अम्मा भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. खाटेखाली पितळी पेला होता, उपडा घातलेला. मी का उचलला कोण जाणे. आतून ओला होता. उशीच्या कडेला पारले बिस्किटाचा कागद, घड्या घालून घालून नखाएवढा केलेला. मी पेला होता तसा ठेवला आणि बाहेर आले.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी बाहेर येऊन जाऊबाईंना सांगितलं. आणि आम्ही दोघी ओल्या पोत्यावर बसून, तोंडात पदराचा बोळा कोंबून, पोट दुखेपर्यंत हसलो. त्यानंतर सगळा महिना अम्मांनी इफ्तारला खजूर उचलला की जाऊबाई माझ्याकडे बघायची आणि मी मान खाली घालायची. अम्मांना कळलं नसेल असं मी बरीच वर्षं समजत होते. आता तसं वाटत नाही. फ्रिजमागे उभं राहिलं की कान किती तीक्ष्ण होतात ते मला कळलंय. शेजारच्या खोलीत कुणी हळू आवाजात हसलं तर ते भिंतीतून ऐकू येतं.

अम्मांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली. जाऊबाईही गेल्या. त्या हसण्याची साक्षीदार मी एकटी उरले. आणि माझ्या वेळेला काय झालं, तर नऊ वर्षांची पोट्टी आली आणि पडदा ओढून गेली. मी बत्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई, डी. एड. झालेली, मला जे सुचलं नाही ते तिला एका क्षणात कसं सुचलं? चहा तसाच निवून गेला. वर साय धरली.

माझा पहिला रोजाही साधारण याच वयातला. 1962 चा फेब्रुवारी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, मुसलमानांची आठ घरं, बाकी कुणबी, तेली, थोडी बौद्धांची वस्ती. गावात मशीद होती पण भोंगा नव्हता, बांग नुसत्या गळ्याची. आजी लुगडं नेसायची, कुंकू तेवढं नसायचं, बाकी पाटलिणीत आणि तिच्यात लांबून फरक कळत नसे. मी सहा वर्षांची असल्यापासून रोजा पाहिजे म्हणून रडायची. मग आजीने तोडगा काढला, एका दाढेचा रोजा. म्हणजे दिवसभर फक्त उजव्या बाजूने खायचं, डावीकडची दाढ रोज्याला. संध्याकाळी बांग झाली की डाव्या दाढेने खजूर चावायचा. मी काय मन लावून पाळायची तो रोजा! चुकून जीभ भाकरीचा तुकडा डावीकडे ढकलायची तर मी धावत जाऊन आजीला सांगायची, आणि ती जात्याचा खुंटा न सोडता म्हणायची, “जीभ लहान आहे अजून, माफ आहे तिला.”

दोन वर्षं दाढ राबवल्यावर पूर्ण रोजा मिळाला. त्या दिवशी नवा झगा, गळ्यात झेंडूची माळ. अकरा वाजेपर्यंत मी सगळ्या गावाला दाखवून आले. मग अब्बांच्या मागे शेतात गेले. हरभरा घाट्याला आलेला होता. ज्याने सकाळच्या उन्हात हरभऱ्याच्या वाफ्यातून चालून पाहिलंय त्याला माहीत आहे, पायाला आंब लागते, पोटऱ्या चुरचुरतात, आणि हात आपोआप घाट्यांकडे जातो. माझाही गेला. टचकन घाटा फोडला, हिरवे दोन दाणे तोंडात टाकले, बोटांवरची आंबट-खारट आंब चाटली, आणि मग आठवलं. मी तिथंच मटकन बसले आणि भोकाड पसरलं. अब्बांनी उचलून घरी आणलं. आजीने विचारलं, “भुलून खाल्लं ना?” मी मान हलवली. “मग रोजा तुटला नाही. भुलून खाल्लं ते अल्लाहनेच खिलवलं समजायचं.” आणि तोंड पुसून दिलं.

हे मी पुढे कितीतरी मुलांना सांगितलं, छोटीलाही त्या सहाव्या रोज्याच्या पहाटे सांगितलं होतं. जे कधीच कुणाला सांगितलं नाही ते असं, की पहिला घाटा भुलून होता. दुसरा नव्हता. पहिल्यानंतर आठवलं होतं, रडणं अजून यायचं होतं, त्या मधल्या पळात मी अजून एक फोडून खाल्ला. बासष्ट वर्षं झाली त्याला. दुसऱ्या घाट्याची चव मला पहिल्यापेक्षा जास्त आठवते.

आता फिद्याचं, म्हणजे सुटलेल्या रोज्यांच्या बदल्याचं. एका रोज्यामागे एका गरजूचं दोन वेळचं जेवण, असे तीस रोजे. मी मनात हिशेब मांडून बसले होते, गहू किती, डाळ किती, इतवारीतून आणायचं की इथल्याच दुकानातून. मुलगा ऑफिसातून आला, सोफ्यावर बसल्या बसल्या फोन काढला, अंगठा चार ठिकाणी टेकवला, टिंग असा आवाज झाला. “अम्मी, तुमच्या फिद्याचं झालं. पूर्ण महिन्याचं पाठवून दिलं.” यतिमखान्यात, अनाथाश्रमात पाठवले होते, चांगल्याच जागी गेले, त्यात काही वाद नाही. पण माझे तीस रोजे, तीस पहाटा, तीस संध्याकाळी त्या एका टिंगमध्ये निघून गेल्या. मी म्हटलं, मी पुन्हा देईन, हाताने. तो म्हणाला, “डबल होईल ना अम्मी.” होऊ दे म्हटलं. माझा मुलगा फार गुणी आहे, पण त्याला पावती मिळाली की काम संपल्यासारखं वाटतं.

तर मग मी बडी बी शोधून काढली. आम्ही हल्ली मानकापूरकडे फ्लॅटमध्ये राहतो, मागे दोन गल्ल्या सोडून टिनाच्या खोल्यांची रांग आहे, तिथे ती एकटी राहते. गोधड्या शिवायची, आता डोळ्यांनी दगा दिला. रोज मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजीच्या आधी मी आणि छोटी डबा घेऊन जायचो. दोन कप्प्यांचा, वरचा इफ्तारच्या जेवणाचा, खालचा सहरीचा. सोबत एखादं संत्रं, मृग बहाराचं, मार्चात कळमन्याच्या बाजारात येतं ते, साल पातळ आणि गोडीला धार असलेलं. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं की मन्नत आहे म्हणून डबा आणते. फिद्या म्हणायला जीभ रेटेना. म्हणजे बघा, एक टोस लपवायला फ्रिज लागला आणि एक डबा लपवायला मन्नत.

तिला वय विचारलं तर सांगता येईना. “चीनची लढाई झाली तवा माही दोन पोरं चालत होती.” म्हणजे मी शेतात घाटे फोडत होते त्या वर्षी ही बाई दोन लेकरांची आई होती. ऐंशी तर नक्कीच पार. आणि रोजे? “हाव, सगळे.” साखरेचा त्रास? “साखर? ते चहात टाकतो ते ठाऊक हाय.” मी गप्प. तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, दोन्ही वेळ पोटभर खाल्लेली मी, तिच्या उंबऱ्यावर बसून तिच्या रोज्याची वेळ व्हायची वाट बघत होते. जिला जेवू घालून माझी सुटका व्हायची ती माझ्याहून उपाशी होती. या गणिताचं उत्तर मला अजून काढता आलेलं नाही. दहाव्या-अकराव्या दिवशी तिने डबा उघडता उघडता, माझ्याकडे न बघता विचारलं, “किती दिवसाचे सुटले तुये?” मी म्हटलं, सगळे. ती बराच वेळ वांग्याची फोड बोटाने उलटीपालटी करत बसली. मला वाटलं आता काहीतरी दुवाबिवा देईल, डोक्यावर हात ठेवेल. तर म्हणाली, “वांग्यात तेल कमी टाकत जा, बाई. मले खोकला येते.”

तेव्हापासून तेल कमी केलं.

मध्येच होळी आली, तेराव्या रोज्याला. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी दरवर्षी पुरणपोळीचं ताट झाकून आणतात, आणि मगरीबची बांग झाल्यावरच दार वाजवतात. त्या वर्षी दुपारी बारालाच आल्या, मुलगा-सून बाहेर गेलेले बघून. “आजी, तुम्हाला तर आता रोजा नाही ना. गरम आहे तोवर खाऊन घ्या, तुमची वेगळी केली, पुरणात गूळ अर्धाच.” माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा, कारण ताट ओट्यावर ठेवून त्या तिथंच खुर्ची ओढून बसल्या, चांगला आवाज करून, आणि हळूच म्हणाल्या, “माझंही तेच हो. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून एकादशी सुटली. आषाढीला मी मागच्या गॅलरीत जाऊन पोळी खाते. सुनेला वाटतं मी भगर खाल्ली.” सुनेला वाटतं असं त्यांना वाटतं, मी मनात म्हटलं. मग आम्ही दोघींनी अर्धी अर्धी पुरणपोळी खाल्ली, दोन्ही देवांना चुकवून, आणि वहिनींनी तुपाचा हात पदराला पुसला. साखर संध्याकाळी 240 निघाली. ती होळीच्या नावावर टाकली.

गुरुवारी मी ताजाबादला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर जायची, ते मुलाला फारसं आवडत नाही. दर्ग्यावर मागायचं नसतं, जे मागायचं ते थेट अल्लाहकडे, असं तो मला नरमाईने सांगतो, आणि पुस्तकाप्रमाणे त्याचं बरोबर असेलही. मी म्हणते, बाबा, मी अल्लाहकडेच मागते, फक्त ताजुद्दीन बाबांच्या अंगणात बसून मागते. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे, ज्यांना वेडे म्हणून इस्पितळात ठेवलं होतं त्या बाबांना 1908 साली रघुजीराजे भोसल्यांनी शकरदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात आणून ठेवलं. ही गोष्ट नागपुरात सगळ्यांना माहीत आहे, पण मला दरवेळी त्यात एकच गोष्ट दिसते. कुणीतरी दार उघडून ज्याला बाहेर ठेवलंय त्याला आत घेतलं. त्या रमजानात मी दोन गुरुवारी गेले. एकदा चादरीच्या दुकानांच्या सावलीत बसून पाण्याची बाटली काढली, पिशवीच्या आतच झाकण उघडलं, आणि पदराआड प्यायले. समोर एक बाई आपल्या लेकराला कुल्फी भरवत होती. कोण बघणार होतं मला? अम्मांना तरी कोण बघत होतं.

छोटीच्या पहिल्या रोज्याची संध्याकाळ सांगायची राहिली. बैठकीत दस्तरख्वान अंथरलेला, तिची मामी, मावशी, चुलत बहिणी आलेल्या. गळ्यात मोगऱ्याचा हार, हातावर मेहंदी, आणि चेहरा अगदी दमून कोमेजलेला, पण अभिमानाने ताठ. मी काय केलं, तर कढई घेऊन बसले. भजी तळायची म्हणजे दस्तरख्वानावर बसायला नको, हातात खजूर धरून ज्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही त्यांच्यासारखा चेहरा करायला नको. सून दोनदा बोलवायला आली. “अम्मी, भजी होत राहील, बसा ना.” मी म्हटलं तेल तापलंय. बांग झाली. आतून मला आवाज आले, एकदम शांतता, मग दुवा, मग चमच्यांचे, ग्लासांचे, मग सगळ्यांचं एकदम बोलणं. कुणीतरी छोटीला विचारलं, दिवसभरात काय काय झालं सांग. आणि तिने सांगितलं. सकाळी डोकं दुखलं, मग झोपली, मग टीव्ही पाहिला, मग तोंड धुतलं, मग असरनंतर पोटात गुडगुड झालं. अकरा वाजताचं काही नाही. मी झारा हातात धरून ऐकत होते. भजी करपली.

रात्री ती माझ्याजवळ झोपायला आली. तिच्याशी मी मराठीतच बोलते, घरात बाकी सगळं उर्दू आणि आपली नागपुरी हिंदी. वाटलं, आता विचारावं, पडदा का ओढलास. एकतीस वर्षं शाळेत मी हेच केलं, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारलं, पाच गुणांसाठी. नाही विचारलं. विचारलं असतं तर तिने काहीतरी साधंच सांगितलं असतं. वास येऊन राहिला होता, असंही असेल. नऊ वर्षांचं उपाशी पोर, चहाचा वास नको म्हणून पडदा ओढू शकतं. ही शक्यता मला चार दिवसांनी सुचली आणि जरा रागच आला, माझी इतकी मोठी गोष्ट तिने इतकी लहान केली म्हणून. आणि हसूही आलं. पण तिने इफ्तारला सांगितलं नाही, हे उरतंच.

ईदच्या आधी सून सगळं घर धुऊन काढते. पाडव्याच्या दिवशी, एकोणतिसाव्या रोज्याला, सकाळी तिने घरातले सगळे पडदे उतरवले आणि मशीनला लावले. मी अकरा वाजता उठले, चहा गाळला, डब्यातून टोस काढला, आणि वळून बघते तर स्वयंपाकघराच्या दाराला नुसती दांडी. कड्या एका बाजूला गोळा झालेल्या. बैठक समोर सरळ दिसत होती, मुलगा सुट्टी म्हणून जमिनीवर बसून पंखा पुसत होता, बाहेर कुणाच्या तरी गॅलरीत गुढीची जरीची साडी उन्हात चमकत होती. मी फ्रिजकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली. व्हायचा तो आवाज झाला. मुलाने मान वर केली नाही. सून आली, माझ्या डोक्यावरून हात लांब करून वॉशिंग पावडरचा डबा काढला, “अम्मी, पाय वर घ्या, ओलं आहे,” म्हणाली आणि गेली.

छोटीचा त्या दिवशी रोजा नव्हता. तिने महिन्यात तीन धरले, तेवढे पुष्कळ. ती आली, माझ्या समोर बसली, माझ्या डब्यातला टोस न विचारता घेतला आणि माझ्याच कपात बुडवला. माझी तिला तोपर्यंत एका दाढेच्या रोज्याची गोष्ट सांगून झाली होती, आणि ती तिला फार आवडली होती, वर्गात सांगून आली होती. थोडा वेळ ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिली.

“दादी, तू कोणत्या बाजूने खाते?”

“उजव्या.”

“काहून?”

“डावीकडे दाढाच नाहीत बाप्पा आता. मागच्या दोन्ही काढल्या.”

तिने टोसाचा मऊ तुकडा तोंडात टाकला, जरा विचार केला, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, “मग डावीकडचा तर तुझा चालूच आहे ना.”